हापशाचा दांडा : सार्वजनिक आरोग्य शिकताना आम्हाला सांगितलेल्या गोष्टी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

या व्याख्यानमालेत आजवर बोलून गेलेली माणसं मोठी होती. आम्ही परवापरवापर्यंत विद्यार्थी होतो, म्हणून बोलावणं आल्यावर आधी थोडं बिचकलोच. 'आम्ही' म्हणजे चौघं जण. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला एका वर्गात होतो. एक आयुर्वेदाची पदवी घेऊन आलेली, एक दातांचा डॉक्टर, एक नर्सिंगची आणि एक समाजकार्याचा. इथे बोलतोय एक जण, पण टिपणं चौघांची आहेत. म्हणून शेवटपर्यंत 'आम्ही'च म्हणणार आहोत. चूक निघाली तर तीही चौघांची.

विषय असा आहे की सार्वजनिक आरोग्य शिकवताना काही ठरावीक गोष्टी सांगितल्या जातात. गोष्टी म्हणजे खरोखरच्या गोष्टी : नायक असलेल्या, सुरुवात-शेवट असलेल्या. आकडेवारी, सूत्रं, नमुना निवडीच्या पद्धती हे सगळं परीक्षेनंतर पुसट होतं, गोष्टी मात्र राहतात. पुढे तीस वर्षं नोकरी करताना आपण काय पाहणार आणि काय पाहणार नाही, हे त्या ठरवतात. तेव्हा त्यांचीही समीक्षा व्हायला हवी, जशी आपण कथा-कादंबऱ्यांची करतो. आज आम्ही तेवढंच करणार आहोत. एखाद्या संस्थेची तक्रार करायला आम्ही आलेलो नाही. आमचे शिक्षक चांगले होते आणि त्यांच्यामुळेच आज इथे उभे आहोत.

पहिल्या तासाची गोष्ट

जगात कुठेही हा विषय शिकायला जा, पहिल्या आठवड्यात लंडनचा पंप भेटतोच. १८५४ साल, सोहो वस्ती, ब्रॉड स्ट्रीट. ऑगस्टच्या अखेरीला कॉलऱ्याची साथ भडकली आणि दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली. रोग दूषित हवेतून पसरतो असं त्या काळचे बहुतेक जाणकार मानत होते. जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणत होता की पाण्यातून पसरतो. त्यानं नकाशावर मृत्यूंच्या खुणा केल्या. त्या सगळ्या एका पंपाभोवती जमल्या. त्यानं पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली.

आमच्या वर्गात ही गोष्ट संपली तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. आम्हीही वाजवल्या. गोष्ट सुरेखच आहे. एक हुशार माणूस, एक नकाशा, एक दांडा. डॉक्टरकी सोडून इकडे आलेल्या मुलांना घरचे विचारत असतात, "म्हणजे आता तू नक्की काय करणार?" त्यावर हे उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. एकेका रुग्णाला औषध देण्यापेक्षा एक दांडा काढायचा आणि अख्खी वस्ती वाचवायची.

पुढे आमच्यातल्या एकीनं स्नोचं १८५५ सालचं पुस्तक मुळातून वाचलं आणि गोष्टीचे सांधे सुटायला लागले. नकाशा नंतरचा आहे. पाण्याबद्दलचं आपलं मत स्नोनं १८४९ सालीच छापलं होतं. १८५४ मध्ये त्यानं मृत्यूंची नोंद मागवून घेतली आणि तो पायी हिंडला, दारोदार विचारत. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, पण तोवर साथ ओसरायला लागली होती, कारण घाबरून बरीच वस्ती घरं सोडून निघून गेली होती. हे स्नोनं स्वतःच लिहिलंय. दांडा काढल्यामुळे साथ थांबली, असा दावा तो करतच नाही. आणि साथ ओसरल्यावर तो दांडा परत बसवला गेला! सरकारी चौकशी समितीनं स्नोचं म्हणणं मानलं नाही. तो १८५८ साली वारला, आपलं म्हणणं सर्वमान्य झालेलं न पाहताच.

आता, गोष्ट सांगताना थोडी सोपी करावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप सोपेपणावर नाहीच. सोपं करताना काय गाळलं, त्यावर आहे.

गाळलं ते स्नोचं विचारणं. पंपाजवळच्या दारूभट्टीतली सत्तरहून जास्त माणसं का वाचली, हे त्यानं मालकाला जाऊन विचारलं. कामगारांना तिथली बिअर मिळायची, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. जवळच्या अनाथालयासारख्या वर्कहाउसमध्ये मृत्यू इतके कमी का, तर त्यांची स्वतःची विहीर होती. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्यानं का गेली? तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीवरून ते पाणी मागवून घ्यायची. ही माहिती कुठल्याच नकाशावर दिसत नव्हती. घरच्या माणसांशी बोलल्यावरच ती मिळाली.

दुसरं गाळलं ते हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण धर्मोपदेशकाला. त्याला स्नोचं म्हणणं पटलेलं नव्हतं. ते खोडायला म्हणून तो त्याच वस्तीत घरोघर फिरला, त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा गेला, आणि शेवटी स्नोच बरोबर आहे या निष्कर्षाला आला. ४० नंबरच्या घरातल्या तान्ह्या बाळाचा आजार त्यानंच हुडकला. बाळाच्या लंगोटांचं पाणी घराच्या मैलखड्ड्यात जात होतं आणि तो खड्डा विहिरीला जवळजवळ लागूनच होता. हे त्याला शोधता आलं कारण तो वस्तीतलाच होता. लोक त्याला ओळखत होते, तो रोज त्यांच्यात वावरत होता. आमच्या स्लाइडवर व्हाइटहेडचं नाव नव्हतं.

त्याच पुस्तकात स्नोचं खरं मोठं कामही आहे. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीत दोन कंपन्यांचं पाणी यायचं. लॅम्बेथ कंपनीनं आपली पाणी उचलायची जागा १८५२ साली नदीच्या वरच्या अंगाला, मैल्यापासून दूर नेली होती. सदर्क अँड वॉक्सहॉल कंपनीनं नेली नव्हती. स्नोनं घर-घर ताडून पाहिलं. दर १० हजार घरांमागे एकीकडे ३७ मृत्यू, दुसरीकडे ३१५. गरीब-श्रीमंत सारखेच, गल्लीही तीच, फरक फक्त कंपनीचा. यातून प्रश्न उभा राहतो तो कंपनीच्या खर्चाचा आणि शहराच्या कारभाराचा. दांडा काढून हा प्रश्न सुटत नाही. कदाचित म्हणूनच पहिल्या तासाला दांडा येतो आणि कंपनी तिसऱ्या सत्रातल्या एखाद्या गणितात येते.

आमचा हापसा

आता आमची गोष्ट. तिसऱ्या सत्रात प्रबंधाच्या कामासाठी आम्ही मराठवाड्यातल्या एका गावी होतो. गाव छोटं. गावठाण एका बाजूला, ओढ्यापलीकडे एक वस्ती. वस्ती कुणाची, हे वेगळं सांगायला नको. आमच्या हातात छापील प्रश्नावली होती. त्यात एक प्रश्न : घरातल्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? पुढे पर्याय : नळ, हापसा, झाकलेली विहीर, उघडी विहीर, टँकर, इतर. ओढ्यापलीकडच्या एका मावशींनी उत्तर दिलं, "हापशाचं पितो." आम्ही हापशासमोर गोल केला आणि पुढच्या प्रश्नावर गेलो. शौचालय आहे का?

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शाळेच्या ओट्यावर डबे खात बसलो होतो. समोर गावठाणातला हापसा. बायकांची रांग, हंडे-कळश्या, दांड्याचा तो करकर आवाज. त्याच मावशी रांगेपासून पाच-सात हात लांब, कडुनिंबाखाली आपला हंडा घेऊन बसलेल्या दिसल्या. आमच्यातली एक उठून त्यांच्याकडे गेली.

"मावशी, तुमच्या वस्तीत हापसा आहे ना?"

"हाय की. मागल्या दिवाळीपासनं बंद हाय."

"मग तुम्ही परवा हापसा असं कसं सांगितलंत?"

"तुमी इचारलं, पाणी कशाचं पिता. हापशाचंच पितो. ह्या हापशाचं."

"मग इकडे का बसलात? रांगेत उभ्या राहा ना."

मावशी हसल्या. "आधी त्यांचं होऊ द्या मॅडम. मग आपलं." आणि थोड्या वेळानं, "हे लिवलं का तुमी?"

लिहिलं नव्हतं. फॉर्ममध्ये त्याला जागा नव्हती.

संध्याकाळी मार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले की नैतिकता समितीनं मंजूर केलेली प्रश्नावली मध्येच बदलता येत नाही, निरीक्षण म्हणून परिशिष्टात टाका. नियमानं बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. आम्ही परिशिष्टात टाकलं, चौथ्या. मुख्य तक्त्यात मात्र ते घर इतर घरांबरोबर 'सुधारित स्रोत' या रकान्यात गेलं. तक्ता नीटनेटका दिसत होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विश्वास-अंतराल कसा काढला ते विचारलं. आम्ही नीट सांगितलं. परिशिष्ट कुणी उघडलं नाही. आणि हे इथे कबूल केलं पाहिजे की आम्हीही ते उघडून दाखवलं नाही. चांगले गुण मिळत होते. तेवढ्यात कशाला नवा विषय, असं मनात आलं. ही चूक प्रश्नावलीच्या माथी मारता येत नाही. ती आमची आहे.

आंतरराष्ट्रीय मोजमापातसुद्धा आता केवळ स्रोताचं नाव पुरत नाही, बरं का. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून पाण्याची जी मोजणी करतात, तिच्यात 'मूलभूत सेवा' म्हणायला जाऊन-येऊन, रांगेसकट तीस मिनिटांच्या आत पाणी मिळावं लागतं. हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो! म्हणजे रांग मोजायची असते हे आम्हाला ठाऊक होतं. पण रांगेच्या बाहेर बसलेल्या माणसाचं काय, हे त्या व्याख्येतही नाही. तिची तीस मिनिटं कुठून मोजायला सुरुवात करायची?

आता पंपाच्या गोष्टीकडे परत येऊ. लंडनच्या गोष्टीत प्रश्न असा आहे की कोणत्या पंपाचं पाणी वाईट आहे. आमच्या गावात दोन्ही हापशांचं पाणी चांगलंच होतं. एक बंद होता आणि दुसऱ्याला हात लावायची एक न लिहिलेली पाळी होती. स्नोची गोष्ट पाठ करून आम्ही तिथे गेलो, म्हणून आम्ही पाणी बघत राहिलो. दांड्यावर कुणाचा हात आहे, हे बघायला आम्हाला शिकवलेलंच नव्हतं.

आपल्याकडची पाने

खरं तर हे शिकायला लंडनला जायची गरजच नाही. पाण्याची दोन पानं आपल्याकडे आहेत आणि शाळेत ती आपण सगळ्यांनी वाचलेली आहेत, फक्त इतिहासाच्या पुस्तकात. एक, १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दुसरं, २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. तळं सार्वजनिक होतं. नगरपालिकेनं ते सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केलेला होता. ठराव होता, पाणी होतं, पण ते पिता येत नव्हतं. आणि सत्याग्रहानंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं ते कशानं? पंचगव्यानं. शेण आणि गोमूत्र घालून पाणी शुद्ध केलं गेलं. हे वाक्य सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यानं दोनदा वाचावं. पाणी अशुद्ध होण्याची कल्पना जंतूंवरून ठरते की जातीवरून, याचं याहून उघड उदाहरण जगातल्या कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळणार?

कुणी म्हणेल, हा सामाजिक न्यायाचा विषय झाला, साथरोगशास्त्राचा नाही. आम्हीही दोन वर्षं असंच मानत होतो. पण एखाद्या वस्तीत जुलाबाचे रुग्ण जास्त का, हे शोधायचं तर तिथे पाणी किती वाजता पोचतं, किती हंडे पोचतात आणि हात धुवायला उरतं का, हे विचारावंच लागतं. पाळी शेवटची असेल तर हंडे कमी भरतात. हंडे कमी असले की आधी हात धुणं सुटतं. हे साथरोगशास्त्रच आहे.

दुसरं पान प्लेगचं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, जेमतेम चार कलमांचा. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरं तपासली, माणसं छावण्यांत हलवली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे : २२ जून १८९७, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू. इतिहासाच्या तासाला हे पान स्वातंत्र्यलढ्याचं असतं. आमच्या तासाला ते एका ओळीत उरकलं : वसाहतकाळात लोकांनी प्लेगविरोधी उपायांना विरोध केला. शिकवणाऱ्यानं 'अज्ञानापोटी' असा शब्द वापरला होता.

अज्ञान नक्की कुणाचं? प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे १८९७ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँनं पिसवेचा प्रयोग केला तो १८९८ मध्ये, कराचीत, आणि तेही मान्य व्हायला पुढची काही वर्षं गेली. म्हणजे घराघरांत शिरून माणसं हुडकणाऱ्या सरकारलाही रोगाचा मार्ग माहीत नव्हता. सैनिक बायकांना तपासतात, देवघरात बूट घालून शिरतात, या तक्रारी करणारे लोक अडाणी ठरले. अपुऱ्या माहितीवर बळ वापरणारे मात्र शास्त्रीय ठरले. आम्हाला म्हणायचंय ते एवढंच : सार्वजनिक आरोग्याच्या हातात बळ असतं आणि त्याचं ज्ञान नेहमी अपुरं असतं. ही दोन वाक्यं एकत्र शिकवली पाहिजेत. तो कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला, त्यातल्या त्या कलमासह, ज्याच्यामुळे सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येत नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तेव्हा कंटेनमेंट झोनमध्ये काम केलेलं होतं. पुण्याचं १८९७ त्यांना कुणी नीट शिकवलं असतं, तर बांबू बांधताना त्यांनी आतल्या माणसांना दोन प्रश्न जास्त विचारले असते, असं आम्हाला वाटतं.

त्याच पुण्यात, त्याच मार्चमध्ये, दुसरीही एक गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी गावाबाहेर मोकळ्या जागी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. एका आजारी मुलाला पाठीवरून आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रुग्णाला वेगळं ठेवणं तिथेही होतंच. पण तिथे रुग्णाला पाठीवर घेऊन आणलं जात होतं. एकच उपाय, दोन रीती. आपल्या अभ्यासक्रमात पहिली रीत एका ओळीत आहे, दुसरी नाहीच.

बासष्ट टक्के

आता अशी एक गोष्ट, जी आम्हाला शिकवली गेली आणि चांगली शिकवली गेली, तरीही तिचं मर्म सुटलं. गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं 'सर्च'. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास आला : ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, ४७ गावं तुलनेला होती, आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. स्लाइडवर ६२ हा आकडा मोठ्या टायपात होता.

आकड्याला आमचा विरोध नाही, उलट आकड्यांशिवाय ती बाळं सरकारला दिसलीच नसती. पण हा आकडा आला कसा? गावातल्या, थोड्याच शिकलेल्या बाईच्या हातात सुई आणि प्रतिजैविक देऊन. घरातच जंतुसंसर्ग ओळखायचा आणि घरातच उपचार. हे डॉक्टर मंडळींना सहज पचणारं नव्हतं आणि आजही सगळ्यांना पचलेलं नाही. म्हणजे गडचिरोलीतही प्रश्न दांड्यावरच्या हाताचाच होता. इथे तो सुईवरचा हात होता. आमच्या तासात पद्धत शिकवली, परिणाम शिकवला, तो हात शिकवला नाही.

याच जोडप्यानं सांगितलेली एक फसलेली गोष्ट आम्हाला जास्त उपयोगी वाटते. सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधल्या सिकल सेल आजाराचा अभ्यास केला. अभ्यास उत्तम होता, निष्कर्ष नवा होता, पण लोकांना त्यात रस वाटला नाही. तो त्यांच्या डोक्यातला प्रश्न नव्हता. त्यातून धडा घेऊन त्यांनी लोकांना विचारून विषय ठरवायला सुरुवात केली. हे दोघंही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांच्याआधी तिथेच शिकून १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, तेही तसेच. तिथल्या ग्राम आरोग्य सेविका बऱ्याचशा दलित, निरक्षर बायका. जामखेडच्या हकिकतीत पाण्याचा एक प्रसंग येतो : दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा जागा मुद्दाम दलित वस्तीतली धरली, म्हणजे पाण्याला सगळ्या गावानं तिथे यावं. आमच्या मते, हा प्रसंग पहिल्या तासाला ब्रॉड स्ट्रीटच्या शेजारी ठेवला पाहिजे. स्नोनं दांडा काढायला लावला. आरोळ्यांनी तो कुठे बसवायचा याचा विचार केला.

मग आम्ही काय केलं

निकाल लागल्यावर आम्ही त्या गावी परत गेलो. मनाला टोचत होतं म्हणून. ग्रामसेवकांकडे वस्तीतल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज दिला, मग पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागात दिला. तिसऱ्या अर्जानंतर माणूस आला. दुरुस्तीला लागलं काय, तर एक साखळी आणि चामड्याची वायसरं. सामानाची किंमत आमच्या प्रबंधाच्या चार प्रतींच्या बांधणीपेक्षा कमी होती. मावशींनी दांडा मारून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?"

एवढंच नव्हतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. वस्तीचा हापसा सुरू झाला, पण गावठाणातल्या हापशावरची पाळी तशीच राहिली. उलट आता प्रश्नच मिटला, असं गावानं मानलं. आमच्या दुरुस्तीनं एक भेद झाकला गेला का, यावर आम्ही चौघं अजून भांडतो. नर्सिंगवाली म्हणते, पाणी तर मिळालं ना? समाजकार्यवाला म्हणतो, वेगळं पाणी मिळालं. दोघांचंही बरोबर आहे आणि इथे खोटा समेट करून दाखवण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक गंमत. खेड्यापाड्यांत जो लोखंडी हापसा दिसतो, तो 'इंडिया मार्क टू'. सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफनं मिळून तो तयार केला आणि पुढे तो जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी एक ठरला. त्याचा पूर्वज कोणता? सोलापूर पंप. आपल्या सोलापुरातल्या एका स्वतः शिकलेल्या मेकॅनिकनं घडवलेला. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आम्हाला रस्त्याच्या नावासह पाठ आहे. हे मात्र आम्हाला प्रबंध संपल्यावर कळलं.

आमचं मागणं मोठं नाही. लंडनची गोष्ट काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. ती पूर्ण सांगा : स्नोच्या पायपिटीसकट, व्हाइटहेडसकट, परत बसवलेल्या दांड्यासकट. तिच्या शेजारी महाड ठेवा, पुणे ठेवा, जामखेड ठेवा. आणि प्रश्नावलीत तीन ओळी वाढवा. आमच्यातले दोघं आता सर्वेक्षणाचंच काम करतात आणि त्यांनी त्या वाढवल्या आहेत : हा स्रोत आज चालू आहे का? तिथे तुमची पाळी कधी येते? आणि आम्ही विचारलं नाही असं काही तुम्हाला लिहून हवंय का?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं कोष्टकात बसवायला फार त्रास होतो, हे आधीच सांगून ठेवतो. वरिष्ठ विचारतात, याचं कोडिंग कसं करणार? आम्ही ती उत्तरं जशीच्या तशी टंकून अहवालाच्या पहिल्या भागात लावतो, परिशिष्टात नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि तुमच्या गावात एखादा हापसा बंद असेल, तर घरी गेल्यावर आधी अर्ज करा.